सरी मोडताना : स्कॉटलंडच्या दलदलीत लावलेलं आणि मग उपटलेलं जंगल

जुलै 2024 मध्ये दिल्लीत, भारत मंडपममध्ये, युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची 46वी बैठक भरली होती. आपल्याकडे गाजली ती आसामच्या मोईदामांची बातमी. त्याच बैठकीत आणखी एका जागेवर शिक्कामोर्तब झालं, आणि त्याबद्दल मराठीत चार ओळीही माझ्या वाचनात आल्या नाहीत. ही जागा म्हणजे स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, केथनेस आणि सदरलंड या परगण्यांत पसरलेली ‘फ्लो कंट्री’. ना किल्ला, ना देऊळ, ना धबधबा. ओलाकच्च, तपकिरी, बऱ्याच अंशी सपाट माळ आणि त्यावर हजारो काळी डबकी. निव्वळ पीटभूमी (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदल) म्हणून वारसा यादीत आलेली ही जगातली पहिलीच जागा.

गंमत अशी की जेमतेम चाळीस वर्षांपूर्वी याच माळाच्या काही भागावर झाडं लावण्यासाठी नांगर फिरत होता, आणि नांगराचा निम्म्याहून जास्त खर्च ब्रिटिश सरकार करसवलतीतून सोसत होतं. नंतर तीच झाडं काढायलाही सार्वजनिक पैसाच लागला. हे प्रकरण त्या लावण्याचं आणि काढण्याचं आहे. ‘विदेशी झाडं लावली, वाईट झालं, तोडली, बरं झालं’ असं ते एका वाक्यात सांगितलं जातं. मला ते वाक्य अपुरं वाटतं, कारण खरं दुखणं झाडाच्या खाली होतं.

माळ कसा बनला

पीट म्हणजे काय, हे गच्चीत बाग करणाऱ्याला ‘कोकोपीट’मुळे ऐकून तरी माहीत असतं. नारळाच्या काथ्याचा तो भुसा खऱ्या पीटला पर्याय म्हणून बाजारात आला. खरं पीट म्हणजे पाण्यात बुडून राहिल्यामुळे धड न कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाण्याखाली हवा नाही, म्हणून कुजवणारे जीव मंदावतात आणि मेलेलं शेवाळ खाली साचत जातं. वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर. फ्लो कंट्रीत हे साचणं शेवटचं हिमयुग सरल्यापासून, म्हणजे 9,000 वर्षांहून अधिक काळ चाललंय. काही ठिकाणी थर 10 मीटरपर्यंत खोल आहे. सुमारे 40 कोटी टन कार्बन इथे अडकून पडलाय. ब्रिटनमधल्या सगळ्या जंगलांत मिळून आहे त्याच्या दुपटीहून अधिक.

आपल्या पावसाळी डोक्याला इथे एक प्रश्न पडतो. पाऊस साधारण 1,000 मिलिमीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका. मग दलदल कशी? कारण तो चार महिन्यांत कोसळून आठ महिने दडी मारत नाही. बारा महिने टिपटिप चालूच असते, हवा थंड, ऊन मवाळ, वाफ होऊन फारसं काही जात नाही. जमीन वाळायची वेळच येत नाही. म्हणून हे पीट खोलगट जागांत न साचता घोंगडं पांघरल्यासारखं चढ-उतारांवर सगळीकडे पसरलंय.

या घोंगड्याचा धागा म्हणजे स्फॅग्नम शेवाळ. ऑर्किडच्या मुळांना गुंडाळायला नर्सरीत जे वाळकं, पिवळट शेवाळ मिळतं, ते हेच. जिवंत असताना ते लालसर, पोपटी, किरमिजी, अशा कितीतरी रंगांत असतं. मूठभर उचलून पिळलं तर स्पंजासारखी धार लागते. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी ते धरून ठेवू शकतं. त्याच्या पानांत मेलेल्या, रिकाम्या पेशी असतात, पाणी साठवायला. शिवाय ते भोवतालचं पाणी आम्ल करतं, त्यामुळे दुसऱ्या वनस्पतींना तिथे पाय रोवणं जड जातं. दलदल स्फॅग्नमला जगवते आणि स्फॅग्नम दलदलीला.

आम्ल पाण्यात पोषण नाही, म्हणून काही वनस्पतींनी किडे धरायला सुरुवात केली. कास पठारावर सप्टेंबरात गुडघे टेकून ज्याचे फोटो काढतात, त्या दवबिंदूचे तीन भाऊबंद इथे आहेत. कासचा सडा ऑक्टोबरनंतर करपतो. इथला दवबिंदू सगळं आयुष्य ओल्या शेवाळात काढतो. एवढा फरक सोडला तर चिकट थेंबांनी लगडलेलं ते पान पाहून सातारकर माणूस बुचकळ्यात पडायचा नाही.

डबक्यांना गेलिक भाषेत ‘डू लॉखन’ म्हणतात, म्हणजे काळं, छोटं तळं. ‘फ्लो’ हा शब्दही इंग्रजीतला वाहण्याचा नव्हे. तो नॉर्स लोकांच्या भाषेतून आला, ओल्या, चिबड जमिनीसाठी. या तळ्यांवर काळ्या गळ्याचा डायव्हर विणीला येतो. रात्री त्याची हाक लांबून ऐकली तर कुणीतरी विव्हळतंय असं वाटावं. मोकळ्या माळावर सोनचिखल्या आणि डनलिन अंडी घालतात. हिरवा टिलवाही. हा टिलवा आपण उजनीला, जायकवाडीला हिवाळ्यात पाहतो. आपले पाहुणे उत्तर आशियाकडून येतात, स्कॉटलंडचे हिवाळ्यात पश्चिमेकडचे समुद्रकिनारे गाठतात. पण जात एकच, आणि तीन सुरांची शीळही तीच. भोवत्या आणि आखूड कानाचं घुबड माळावर खाली खाली घिरट्या घालतात. जूनमध्ये इथे अठरा तास दिवस असतो, आणि पिलांना भरवायला किड्यांचा तोटा नसतो. माणसाला चावणाऱ्या चिलटांचाही नसतो, ते वेगळं.

पीक करसवलतीचं

ही जमीन नकाशावर कायम ‘काहीच नसलेली’ होती. आपल्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असतो तसा. मेंढ्या, हरणांची शिकार, चुलीपुरतं पीट कापणं, यापलीकडे तिचा हिशोब कुणी मांडला नव्हता. एकरी भावही मातीमोल.

1979 पासून पुढच्या आठ-नऊ वर्षांत हे बदललं. त्यामागचं गणित एखाद्या सीएला पटकन कळेल. त्या वेळी ब्रिटनमध्ये उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर 60 टक्के कर होता. वनलागवडीवरचा खर्च हा ‘व्यवसायातला तोटा’ म्हणून दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता यायचा. म्हणजे लंडनमधल्या श्रीमंत माणसाने 100 पौंड इथे घातले की त्याचा 60 पौंड कर वाचायचा. शिवाय लागवडीसाठी सरकारी अनुदान वेगळं. झाडं तोडणीला येण्याआधी मालकी बदलून जमीन दुसऱ्या कर-वर्गात सरकवली की पुढे लाकूड विकल्यावरही कर जवळपास नाही. खर्च करताना सूट, कमावताना माफी.

गुंतवणूकदारांत टीव्हीवरचे चेहरे, गायक, खेळाडू असे नामवंत होते. बहुतेकांनी जागा पाहिलीही नसावी. पाहायची गरजच नव्हती. पहिल्या गुंतवणूकदाराचा फायदा झाड लावल्या दिवशी पदरात पडत होता. ते वाढलं काय, मेलं काय, त्याला फरक पडत नव्हता. या प्रकरणातला हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या जागी झाड लावणारा माणूस मूर्ख असतोच असं नाही, त्याचं पीक दुसरंच असू शकतं.

एकूण 67,000 हेक्टरच्या आसपास पीटभूमी या काळात लागवडीखाली आली किंवा त्यासाठी ठरवली गेली. झाडं दोनच: सिट्का स्प्रूस आणि लॉजपोल पाइन, दोन्ही उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडची. लॉजपोल पाइनवर 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातच सदरलंडमध्ये एका पतंगाच्या अळीने धाड घातली होती, झाडांचे सांगाडे उभे राहिले होते. तरी लागवड थांबली नाही. पीक करसवलतीचं असलं की अळीला कोण भितो!

सरी आणि वरंबा

आता नांगराकडे येऊ. पाण्याने तुडुंब भरलेल्या पीटमध्ये, ज्याच्या वजनात नव्वद टक्के पाणीच असतं, झाडाचं मूळ गुदमरतं. म्हणून रुंद पट्ट्यांच्या ट्रॅक्टरने मोठा नांगर ओढून खोल सऱ्या पाडल्या गेल्या. उलटून आलेल्या पीटचा वरंबा झाला, आणि रोप वरंब्यावर लावलं. आपल्याकडे उसासाठी करतात तीच सरी-वरंबा पद्धत, फक्त उलट्या हेतूने. आपण सरीत पाणी सोडतो. तिथे सरीतून पाणी काढून लावायचं होतं. सऱ्या मोठ्या चरांना जोडल्या, चर ओढ्यांना, ओढे नद्यांना. पीटमध्ये पोषण नाही म्हणून वर हवेतून खत टाकलं.

पहिली काही वर्षं रोपटी गुडघाभरच होती, पण चरांनी काम सुरू केलं होतं. पाण्याची पातळी खाली गेली की वरचं पीट वाळतं, आक्रसतं, जमीन बसते. हवा आत शिरते आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर. झाडं दाट झाली की त्यांच्या पानांवरच बराच पाऊस अडतो आणि तिथूनच वाफ होऊन जातो, मुळंही पाणी ओढतात. मग पीटला भेगा पडतात, आणि एकदा पडलेली भेग पावसाने सहज भरत नाही. वाळलेलं पीट पुन्हा पाणी पीत नाही, हे कुंडीतलं कोकोपीट एकदा पूर्ण सुकवलेल्या कुणालाही सांगायला नको. वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं.

झाड कार्बन शोषतंच, हे खोटं नाही. पण ते चाळीस-पन्नास वर्षांचं खातं, आणि त्यासाठी नऊ हजार वर्षांची ठेव मोडायची.

पक्ष्यांचं नुकसान कुंपणापुरतं राहिलं नाही. मोकळ्या माळावर अंडी घालणाऱ्या सोनचिखल्यासारख्या पक्ष्याला दूरवरचं दिसायला हवं. झाडी आली की तिच्यात कोल्हे, कावळे दडतात. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की सोनचिखल्या आणि डनलिन हे दोघेही लागवडीच्या कडेपासून 700 मीटरपर्यंतचा मोकळा माळही टाळतात. म्हणजे दहा हेक्टरच्या तुकड्यावर झाडं लावली तर भोवतालचे शंभराहून अधिक हेक्टर त्यांच्या लेखी बिघडतात. नकाशावर लागवडीचे तुकडे सुटे सुटे दिसत होते, पक्ष्यांसाठी मात्र ते एकमेकांना भिडत चालले होते.

लंडनमधली पत्रकार परिषद

1987 मध्ये ब्रिटनच्या सरकारी निसर्ग संवर्धन परिषदेने पक्षी, दलदल आणि वनलागवड यांवरचा अहवाल काढला. सोनचिखल्या, डनलिन आणि हिरवा टिलवा यांच्या या भागातल्या जोड्यांपैकी 17 ते 19 टक्के लागवडीमुळे गेल्या असा त्यात अंदाज होता. मागणी साधी होती: नवी लागवड बंद करा. अहवाल शास्त्रीयदृष्ट्या भक्कम होता. पण तो जाहीर केला लंडनमध्ये, आणि तिथे घात झाला.

सदरलंडच्या माणसाला बाहेरच्याने जमिनीबद्दल शिकवणं सोसत नाही, आणि त्याला कारण आहे. 1814 आणि 1819 मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून मेंढ्यांसाठी शेकडो कुटुंबं हुसकली गेली, घरांची छपरं जाळली गेली. जमीनदारणीच्या कारभाऱ्यावर, पॅट्रिक सेलरवर, 1816 मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. हे आजही तिथे कालपरवाचं असल्यासारखं बोललं जातं. वनलागवडीने थोड्या का होईना नोकऱ्या आणल्या होत्या. त्या जाणार, आणि निर्णय पुन्हा दक्षिणेतून येणार, असं चित्र उभं राहिलं. लोक पक्ष्यांच्या विरोधात नव्हते. विचारलं कुणी नाही, याचा राग होता. संवर्धन परिषदेचीच पुढे तीन तुकड्यांत वाटणी झाली आणि 1991 मध्ये ती मोडीत निघाली. ती या अहवालाची शिक्षा होती असं मानणारे बरेच आहेत.

लागवड मात्र पक्ष्यांच्या आकड्यांनी नाही, अर्थसंकल्पाने थांबली. मार्च 1988 मध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी वनलागवडीवरची ती करसवलत काढून टाकली. त्याच भाषणात वरच्या टप्प्याचा कर 60 वरून 40 टक्क्यांवर आणला. गुंतवणूकदारांचा रस एका दुपारीत आटला. नांगर जिथे होते तिथे थांबले.

सरी मोडणं

1995 मध्ये पक्षी संरक्षणाचं काम करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेने फॉरसिनार्डची इस्टेट विकत घेतली. आज तिथलं राखीव क्षेत्र 21,000 हेक्टरहून मोठं आहे. फॉरसिनार्ड म्हणजे मोजकी घरं आणि इन्व्हर्नेसहून उत्तरेला जाणाऱ्या एकेरी रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. स्टेशनाच्या इमारतीतच माहिती केंद्र. विकत घेतलेल्या जमिनीसोबत पुढे लागवडीचे तुकडेही आले.

1990 च्या दशकाच्या शेवटी तोडणी सुरू झाली तेव्हा झाडं लहान होती, लाकडाला गिऱ्हाईक नव्हतं. ती तोडून तिथेच सरीत लोळवली. मोठे चर बांध घालून अडवले. हिशोब असा की सरी झाडांनी भरेल, पाणी थांबेल, शेवाळ येईल.

शेवाळ आलं, पण सरीत. वरंबा कोरडाच राहिला. त्यावर हेदरची झुडपं आणि गवत माजलं. दहा-पंधरा वर्षांनीही वरून पाहिलं तर पट्टे दिसत: ओला, कोरडा, ओला, कोरडा. झाड गेलं होतं, नांगर अजून तिथेच होता. सरीत टाकलेलं झाड म्हणजे बांध नव्हे. त्याच्या फांद्यांमधून पाणी वाट काढत होतं, आणि खालच्या भेगांना तर कुणी हातच लावला नव्हता.

म्हणून पुढच्या खेपेला यंत्रं परत आली, या वेळी उलट कामासाठी. रुंद पट्ट्यांचे खोदयंत्र चिखलात रुतू नये म्हणून लाकडी ओंडक्यांच्या चटयांवरून चालतं. चालक ठरावीक अंतरावर सरीत ओलं पीट दाबून बांध घालतो, बुंधे उलटे करून पुरतो, वरंबा चेपून सरीत ढकलतो, जमीन सपाट करतो. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात पाणी मुरावं म्हणून चर खणतात. इथे पाणी मुरावं म्हणून चर बुजवायचे. काम किचकट आहे, झाड तोडण्यापेक्षा महाग आहे, आणि त्याचा फोटो अजिबात चांगला येत नाही: काही वर्षं ती जागा नुसता राडा दिसते.

आणखी एक अडचण. तोडलेल्या झाडाची पानं, जुनं खत, ढवळलेलं पीट यांतून फॉस्फरस आणि कार्बन ओढ्यांत उतरतो. खाली सामन माशांच्या नद्या. म्हणून एका पाणलोटातली झाडं एकदम तोडता येत नाहीत, टप्प्याटप्प्याने जावं लागतं.

फळ मिळालं का? केथनेसमधल्या थर्सो गावच्या संशोधकांनी इथे मनोरे उभारून हवेतल्या कार्बनची आवक-जावक मोजली. 1990 च्या दशकाच्या शेवटी मोकळा केलेला तुकडा सोळा वर्षांनी कार्बन साठवू लागला होता. पाच-सहा वर्षं उशिरा मोकळा केलेला शेजारचा तुकडा त्याच मोजणीत अजून कार्बन सोडत होता. एका तुकड्यापुरता का होईना, हा ताळा लागला ही मोठी गोष्ट. पण वेळेचं माप पाहा: लावायला एक हंगाम, परतायला दीड दशक, आणि तेही पहिल्यासारखं होण्याच्या नुसत्या वाटेवर.

मे 2019 मध्ये कोरड्या हवेत उत्तर किनाऱ्याजवळ वणवा पेटला आणि फ्लो कंट्रीचा 5,000 हेक्टरहून मोठा भाग त्यात सापडला. तो पेटता असताना सहा दिवस स्कॉटलंडचं एकूण हरितगृह वायूंचं उत्सर्जन दुप्पट झालं, असा एका संस्थेचा हिशोब आहे. जिथे पीट ओलं होतं तिथे आग वरवरच्या गवतावरून सरकली. जिथे चरांनी ते सुकवलं होतं, तिथे ती खाली उतरली.

आज

ब्रिटनमध्ये आता 50 सेंटिमीटरहून खोल पीटवर नवी लागवड करू नये असा नियम आहे. वारसा यादीत आलेलं क्षेत्र सुमारे 1,900 चौरस किलोमीटरचं आहे, पण ते सलग नाही. लागवडीचे मोठे तुकडे वगळून त्याची हद्द आखावी लागली. 1980 च्या दशकातले गुंतवणूकदार नकाशावर असे अजून दिसतात.

शेजारच्या उभ्या लागवडीतून सिट्काचं बी वाऱ्याने येतं. मोकळ्या केलेल्या जमिनीत, मोडलेल्या वरंब्याच्या थोड्याशा कोरड्या कडेला, ते नेमकं रुजतं. बोटभर, निळसर, टोचऱ्या पानांचं रोपटं. ते यंत्राने काढता येत नाही. संस्थेची माणसं आणि स्वयंसेवक रांगेने माळावर चालतात, घोट्यापर्यंत पाण्यात, आणि एकेक रोप हाताने उपटतात. पुढच्या वर्षी पुन्हा तीच रांग.